वेळा अमावस्या

मार्गशीर्षातली अमावस्या म्हणजे आमच्याकडची ‘येळवस’. लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या आपल्या अंबाजोगाई भागात हा सण घरात नव्हे, रानात होतो. नावाचे मूळ कानडी असल्याचे सांगतात. कानडीत ‘येळु’ म्हणजे सात. ज्येष्ठापासून मोजल्यास ही सातवी अमावस्या. १९४८ पर्यंत मराठी व कानडी मुलूख निजामाच्या एकाच राज्यात होते. तेव्हा शब्दांची ही देवघेव नवलाची नाही.

या दिवशी रानात कडब्याची कोप उभारून आत पांडव म्हणून पाच दगड मांडतात व पुजतात. ज्वारीचे पीठ व ताक यांची आंबील, तुरीचे सोले, हरभरा, पालेभाज्या घालून केलेली भज्जी, उंडे आणि खीर असा नैवेद्य असतो. आंबील पिकांवर शिंपडतात. जिने पिकवले त्या काळ्या आईने आधी जेवावे, हा त्यातला भाव. वाटसरूलाही न जेवता जाऊ देत नाहीत.

आम्हांला रान नाही. दिवाळीनंतर आईवडील ऊसतोडीला जातात. गेल्या येळवशीला मित्राच्या आईने मला कोपीत बसवून वाढले. “कुणाचा रे तू?” असे विचारले नाही, “पोट भरलं का?” एवढेच विचारले.

फडावरच्या पाचटाच्या घरालाही कोपच म्हणतात. शिवारातली कोप एका दिवसाची. आईवडिलांची पाच-सहा महिन्यांची. त्या कोपीत येळवस कधी पोचेल, हे आपण शिकलेल्यांनी विचारले पाहिजे.