लहरी जनतेच्या, मग वस्तीलाच ताटकळ का?

हवेतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. म्हणजे मोबाईल कंपन्या जे विकतात ते मुळात जनतेचे आहे. मग कळवा, कल्याण पूर्व, आंबिवलीच्या वस्त्यांत संध्याकाळ झाली की इंटरनेट का रखडते? महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरणाऱ्या आमच्या मुलीने फिरत्या चक्राकडे पाहत का बसावे?

यात गूढ काही नाही. एका टॉवरची क्षमता ठरलेली असते आणि ती त्या टापूतील सर्व ग्राहकांत वाटली जाते. ज्याच्या घरी वायरचे इंटरनेट आहे त्याचा भार टॉवरवर पडत नाही. चाळीत मात्र अभ्यास, अर्ज, पैशाचे व्यवहार सारे एका मोबाईलवर चालते. लोकलमधून माणसे घरी परतली की तोच टॉवर गुदमरतो. वाढीव लहरी, नवे छोटे टॉवर, टॉवरपर्यंत फायबर हे उपाय कंपन्यांना ठाऊक आहेत. प्रश्न एवढाच की ते आधी कोठे करायचे? हे बाजारावर सोडले तर उत्तर ठरलेले आहे.

कागद मात्र गोड बोलतो. दूरसंचाराच्या मुंबई परिमंडळातच कल्याणचा समावेश आहे. कुलाबा आणि कल्याण एकाच सरासरीत मोजले की वस्तीचे दुखणे आकड्यात बुडते. ट्रायने २०२४ साली गुणवत्तेचे नवे नियम केले. चोवीस तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिल्यास भरपाईची तरतूद झाली. पण मोजमाप जिल्हा पातळीवरचे! एका वस्तीचा टॉवर आठवडाभर बंद पडला तर तो कोणाच्या खिजगणतीत?

हे आम्हाला नवे नाही. १९२३ साली बोले ठराव झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले केले. तरी पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तळ्यावर जावे लागले. ठराव म्हणजे पाणी नव्हे, आणि नियम म्हणजे सेवा नव्हे. २०१६ साली ट्रायने संकेतस्थळ पाहून वेगळा दर लावण्यास बंदी केली, ती समतेच्या बाजूचीच होती. आता वस्ती-वस्तीतील विषमतेचा हिशेब हवा. टॉवरनिहाय, गर्दीच्या वेळचे आकडे जाहीर करा, ही आमची मागणी आहे.

तोवर हातावर हात ठेवून बसू नये. विहारात, वाचनालयात तरुणांनी ट्रायच्या मायस्पीड ॲपवर रोज संध्याकाळी वेग मोजून नोंदवही ठेवावी. कंपनीकडे तक्रार करून क्रमांक घ्यावा. दाद न मिळाल्यास तिच्या अपील प्राधिकरणाकडे जावे, त्यास शुल्क नाही. ग्राहक आयोगाचे दारही खुले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले आहे. एकट्याची तक्रार कचऱ्यात जाते. शंभर घरांची नोंद टाळता येत नाही. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मंत्र टॉवरखालीही लागू पडतो.