मोटारदुरुस्ती : स्वतः की कारागिराकडून?

बंगळूर शहरातील जयचामराजेंद्र मार्ग, म्हणजेच जे. सी. रोड, मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे गाळणी, पट्टे, दिवे, ब्रेकचे भाग कोणासही विकत घेता येतात. साहजिकच गाडीच्या मालकापुढे प्रश्न उभा राहतो : भाग आणून तो स्वतः बसवावा, की मजुरी देऊन गॅरेजमधून बसवून घ्यावा?

वरवर पाहता हा केवळ पैशाचा हिशेब वाटतो. परंतु त्यात मजुरीबरोबरच हत्यारांची किंमत, खर्ची पडणारा वेळ आणि चुकीचे परिणाम हेही धरावयास हवेत. या सर्वांत शेवटची बाब निर्णायक होय.

सर्वच चुका सारख्या नसतात. वायपरचे रबर नीट बसले नाही, तर ते पुन्हा बसवता येते. ब्रेकची गोष्ट मात्र निराळी आहे. ब्रेकच्या नळीतील तेल दाबले जात नाही. म्हणूनच पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. दुरुस्तीच्या वेळी नळीत हवा राहून गेली, तर ती दाबली जाते. पेडल खाली जाते, पण गाडी थांबत नाही. त्याचप्रमाणे, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. मजुरीची बचत येथे गौण ठरते.

घरगुती दुरुस्तीची सीमा काळानुसारही सरकली आहे. अँबॅसडर आणि फियाटच्या काळात बंगळुरातच तयार होणारा मायकोचा स्पार्क प्लग काढून साफ करणे, फीलर गेजने त्याची फट जुळवणे, कार्बुरेटरचा स्क्रू फिरवणे ही कामे अनेक हौशी मालक स्वतः करीत. पुढे कार्बुरेटरची जागा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घेतली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रदूषणमर्यादा लागू झाली, आणि इंजिनावरील संवेदकांची संख्या आणखी वाढली. आता दोष शोधण्यासाठी पान्याआधी संगणकीय उपकरण लागते. बंगळुरात तयार झालेल्या, २००१ साली बाजारात आलेल्या रेवा या विजेवरील गाडीची बॅटरी ४८ व्होल्टची होती. आजच्या अशा मोटारींत सामान्यतः काहीशे व्होल्टचा दाब असतो. तेथे अप्रशिक्षिताने हात घालू नये.

तथापि, सारे काम उत्पादकाच्याच अधिकृत कार्यशाळेत झाले पाहिजे, असे नाही. सुटे भाग आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मुक्तपणे मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. त्याविरुद्ध अपिले झाली. पण माहिती कोणाच्या ताब्यात असावी, हा प्रश्न ऐरणीवर आला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ‘दुरुस्तीचा अधिकार’ या नावाने ग्राहकांसाठी संगणकीय माहितीकेंद्र सुरू केले. मोटारींचाही त्यात समावेश आहे.

यावरून एक व्यावहारिक विभागणी करता येते. चाकांतील हवा, तेलाची व पाण्याची पातळी, हवेची गाळणी, दिवे, बॅटरीच्या टोकांची सफाई ही कामे मालकाने पुस्तिका पाहून स्वतः करावीत. ब्रेक, स्टिअरिंग, क्लच आणि उच्च दाबाची वीज ही कुशल कारागिरावर सोपवावीत. मात्र काम सोपवले तरी समज सोपवू नये. कोणता भाग बदलला व का, हे विचारून जुना भाग पाहून घेणाऱ्या ग्राहकाची फसवणूक करणे कठीण असते. आणि प्रामाणिक कारागिराला असा ग्राहक कधीच जड वाटत नाही.