टाके निघण्याआधी

बारावीनंतरच्या सुट्टीत बोईसरच्या एका फिजिओथेरपी दवाखान्यात मी मॅडमच्या मागे उभी राहून काम बघत होते. रुग्णाला हात लावायचा नाही, फक्त बघायचं, एवढीच परवानगी. तारापूर एमआयडीसीतली पहिली पाळी सुटली की बाहेरचं बाकडं भरायचं. कंबर धरलेले कामगार असत, मान आखडलेले चिंचणीचे डाय कोरणारे कारागीर असत, नवापूर-दांडीकडच्या मासे विकणाऱ्या बायका असत.

मला वाटलं होतं, आधी दुखणारी जागा तपासतील. मॅडम आधी काम विचारायच्या. उभ्याने की बसून? ओझं कुठल्या हातात? गुडघा धरून आलेल्या मावशींना त्यांनी विचारलं, "बाजारात बसता कशावर?" मावशी म्हणाल्या, "पाटावर, दुसरं काय!" कोनमापकाने गुडघा मोजला, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम शिकवले, पण पहिला सल्ला उंच स्टुलाचा होता.

सगळ्यात जास्त मी बघितला तो एका तरुण कामगाराचा हात. पत्र्याने तळहात कापला होता आणि बोटं मिटवणारी कंडरा शिवलेली होती. (लोक तिलाही नसच म्हणतात.) शिवलेली कंडरा नुसती ठेवली तर आजूबाजूला चिकटते आणि बोट ताठ होतं. जोर लावला तर शिवण तुटते. या दोन्हींच्या मधून वाट काढायची असते. म्हणून हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट बांधतात आणि सर्जनच्या सांगण्यानुसार पहिल्या काही दिवसांतच हालचाल सुरू करतात: दुसऱ्या हाताने बोट हळूच मिटवायचं आणि स्प्लिंट अडवेल तिथपर्यंतच उघडायचं. साधारण 6 आठवडे स्प्लिंट, जड उचलणं जवळपास 12 आठवड्यांनंतर. दिसायला हे काम अगदीच किरकोळ वाटतं. पण दिवसभर, दर थोड्या वेळाने, न कंटाळता करायचं असतं.

तो मात्र आला की म्हणायचा, "मॅडम, करंट लावा ना."

"करंटने बोट मिटत नाही रे. ते तुलाच करायचंय, घरी."

हे वाक्य त्या दवाखान्यात रोज कुणाला ना कुणाला ऐकावं लागायचं. मशीनवर लोकांचा विश्वास बसतो, स्वतःच्या व्यायामावर बसत नाही. त्यात पाळी बदलली की येणं तुटतं. डहाणूकडून लोकलने येणाऱ्याची एक गाडी चुकली तर त्या दिवसाचा उपचारही गेला. 1950च्या दशकात परळच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचं शिक्षण सुरू झालं, तेव्हा पोलिओ झालेल्या मुलांचा प्रश्न मोठा होता. आमच्या पट्ट्यात आज प्रश्न यंत्रावर जखमी झालेल्या हातांचा आहे, आणि त्यांच्यासाठी वेळेवर पोचणं हाच अर्धा उपचार आहे, असं माझं ठाम मत झालं.

घरात कुणाची कंडरा शिवली असेल तर टाके निघायची वाट बघू नका. फिजिओथेरपी कधी सुरू करायची, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा आणि त्या दिवशी जा. आणि तुम्ही सुपरवायझर असाल, तर कामावर परतलेल्या अशा माणसाला काही महिने पहिलीच पाळी द्या, म्हणजे पाळी सुटल्यावर त्याचं उपचाराला येणं तुटणार नाही.