क्रमांक कोणाच्या मालकीचा?

बीडच्या पत्त्याखाली ४३११२२ हे सहा आकडे लिहिताना कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही, की दमडी मोजावी लागत नाही. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने ही पद्धत सुरू केली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे व्यासंगी पंडित. त्यांनी दिलेले हे आकडे आज टपालाबाहेरही सर्रास वापरले जातात. सार्वजनिक सोयीसाठी निर्माण झालेले नाव सार्वजनिकच राहावे, हे तत्त्व आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्याचा निराळा विचारही कोणी करीत नाही.

पैशाच्या बाजारात मात्र हे तत्त्व सर्वत्र मानले गेलेले नाही. शेअर, कर्जरोखा, म्युच्युअल फंडाचे युनिट अशा प्रत्येक रोख्याला एक सांकेतिक क्रमांक असतो. अमेरिकेत या कल्पनेचा पाया १९६४ साली तेथील बँकर्स असोसिएशनने नेमलेल्या समितीने घातला. व्यवहार वाढत होते आणि एकाच रोख्याला प्रत्येक पेढी आपापल्या परीने नाव देत होती. कागदांचा ढीग उपसता यावा म्हणून १९६८ साली न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराला आठवड्यातून एक दिवस व्यवहार बंद ठेवावे लागले, यावरून त्या गोंधळाची कल्पना यावी. त्यावर उपाय म्हणून नऊ स्थानांचा ‘क्युसिप’ क्रमांक आला. पुढे ‘आयसिन’ हा बारा स्थानांचा आंतरराष्ट्रीय क्रमांक ठरला. आरंभी देशाची दोन अक्षरे, मध्ये नऊ स्थानांचा देशी क्रमांक आणि अखेरीस पडताळणीचा एक आकडा, अशी त्याची रचना आहे. लिहिताना एखादा आकडा चुकला, तर हा शेवटचा आकडा ती चूक उघडी पाडतो.

सोयीसाठी जन्मलेल्या या क्रमांकाचे पुढे मिळकतीत रूपांतर झाले. अमेरिकी आयसिनच्या पोटात क्युसिप असतो. त्यामुळे तो आपल्या नोंदवहीत साठविणाऱ्या युरोपीय बँका व फंड यांच्याकडूनही परवाना शुल्क मागितले जाऊ लागले. माहिती तिसऱ्याच विक्रेत्याकडून घेतलेली असली तरी ही मागणी सुटत नसे. युरोपीय आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली आणि २०११ साली क्रमांक चालविणाऱ्या स्टँडर्ड अँड पूअर्स या कंपनीला अशा अप्रत्यक्ष वापरकर्त्यांचे शुल्क रद्द करण्याची हमी द्यावी लागली. हा व्यवसाय २०२२ साली फॅक्टसेट या कंपनीने सुमारे १९२ कोटी डॉलरना विकत घेतला. त्याच वर्षी नऊ स्थानांच्या क्रमांकावर कोणाचा स्वामित्वहक्क असू शकतो काय, हा वाद न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेला.

या साऱ्याचा बीडशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्या राज्य कर्मचाऱ्यांसाठी अंशदायी निवृत्तिवेतन योजना आली. पुढे आष्टी-पाटोद्याच्या शिक्षकाच्या किंवा अंबाजोगाईच्या लिपिकाच्या वेतनातून कापलेली रक्कम सरकारी कर्जरोखे आणि शेअर यांत गुंतू लागली. त्यातील प्रत्येक रोख्याला आयसिन आहे. महाराष्ट्र शासनाच्या कर्जरोख्यांचे क्रमांक ‘आयएन २२२’ या खुणेने सुरू होतात, तर कंपन्यांच्या शेअरचे ‘आयएनई’ने. क्रमांकावर शुल्क बसले, तर ते अखेर फंडाच्या खर्चात, म्हणजे याच कर्मचाऱ्याच्या पुंजीत मोजले जाईल.

भारतात सरकारी रोख्यांना क्रमांक देण्याचे काम रिझर्व्ह बँक करते, इतरांना ‘एनएसडीएल’. १९९६च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर बनावट आणि हरवलेल्या शेअर प्रमाणपत्रांच्या जाचातून गुंतवणूकदार सुटला, त्यात या क्रमांकाचा वाटा मोठा आहे. शेअरचे दर्शनी मूल्य बदलले की क्रमांकही बदलतो. त्यामुळे पेटीत सापडलेल्या वडिलांच्या जुन्या प्रमाणपत्राचा माग काढणाऱ्याला क्रमांकांची यादी विनामूल्य उघडी असणे फार मोलाचे ठरते. आज ती तशी आहे. परंतु एनएसडीएल स्वतःच ऑगस्ट २०२५ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली आहे, हे विसरून चालणार नाही. भागधारकांना नफा हवा असतो, आणि नफ्याची वाट कोणत्या दारातून जाते हे अमेरिकेने दाखवून दिले आहे.

बीडला या विषयाची आणखी एक बाजू अनुभवाने ठाऊक आहे. २०२३ पासून जिल्ह्यातील काही बहुराज्य पतसंस्थांच्या ठेवीदारांवर जे संकट कोसळले, त्यांच्या हातातील पावत्यांवरही क्रमांक होतेच. पण ते संस्थेनेच दिलेले आणि संस्थेच्याच वहीत राहणारे. बाहेरच्या कोणाला ते पडताळून पाहण्याची सोय नव्हती. पतसंस्थांच्या ठेवींना बँकांच्या ठेवींप्रमाणे पाच लाखांपर्यंतच्या विम्याचे कवचही नसते. आयसिन असला म्हणजे गुंतवणूक निर्धोक झाली, असे मुळीच नव्हे. बुडणाऱ्या कंपनीलाही तो असतो. तो एवढेच सांगतो की हा कागद अस्तित्वात आहे आणि त्याची नोंद कागद काढणाऱ्याच्या वहीबाहेर, तिऱ्हाइताकडे आहे. फसलेल्या ठेवीदाराला नेमका एवढाच आधार हवा होता.

म्हणूनच दोन गोष्टी नियमानेच पक्क्या व्हावयास हव्यात. क्रमांकांची यादी पाहण्यास, साठविण्यास आणि वापरण्यास शुल्क नसावे, हे ‘सेबी’ने आजच लिहून ठेवावे, शुल्क बसल्यावर ते उठविण्यास किती वर्षे लागतात हे युरोपने पाहिले आहे. आणि लोकांच्या ठेवी घेणाऱ्या प्रत्येक पतसंस्थेच्या पावत्यांची नोंद संस्थेबाहेरच्या वहीत असावी. टपालाच्या सहा आकड्यांनी जे साधले, ते पैशाच्या बारा स्थानांनीही साधता येईल. मात्र त्यासाठी क्रमांक हा माल नसून सार्वजनिक रस्ता आहे, हे राज्यकर्त्यांनी वेळेवर मान्य केले पाहिजे.