यंत्रांतील यंत्राचा पत्ता

एका संगणकाच्या पोटांत दुसरा संगणक चालवितां येतो, ही गोष्ट प्रथम ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटते. परंतु ती नवी नाहीं. अमेरिकेंतील केंब्रिज येथें आय्.बी.एम्. कंपनीच्या लोकांनीं १९६० नंतरच्या दशकांतच एका मोठ्या यंत्राचीं अनेक आभासी यंत्रें करून दाखविलीं होतीं. आज तेंच काम घरगुती संगणकावर 'व्हर्च्युअलबॉक्स'सारखा विनामूल्य प्रोग्रॅम करतो. अशा आभासी यंत्राशीं दुसरीकडून बोलावयाचें तर त्याला पत्ता हवा. आणि तो कोणत्या जातीचा दिला, यावरच त्याच्या दाराशीं कोण येऊं शकेल हें ठरतें.

जाळ्यावरील नेहमींचा पत्ता म्हणजे ० ते २५५ यांमधील चार आंकडे. असे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होतात; त्यांचा मध्यवर्ती सांठा फेब्रुवारी २०११ मध्यें संपला. सुदैवानें १९९६ मध्येंच कांहीं पत्ते खाजगी वापरासाठीं राखून ठेवलेले होते. १० नें किंवा १९२.१६८ नें सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. 'खोली नंबर ४' प्रत्येक चाळींत असावी, तसे ते घरोघरीं पुन्हा पुन्हा वापरतां येतात.

व्हर्च्युअलबॉक्स नव्या यंत्राला आपण होऊन जी व्यवस्था लावून देतो तिला 'नॅट' म्हणतात. तींत यंत्राला बहुधा १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो. हें यंत्र म्हणजे जुन्या वाड्यांतील आंतल्या खणांतला भाडेकरू. त्याचीं पत्रें वाड्याच्या नांवानें बाहेर जातात व आलेलीं उत्तरें देवडीवरून त्याला पोंचतात. पण रस्त्यावरच्या माणसाला थेट त्याच्या खोलींत शिरतां येत नाहीं. नवशिके येथेंच अडतात. आंतील यंत्र जगभर हिंडतें, मग घरधनी संगणकाच्याच हांकेला ओ कां देत नाहीं? यंत्र बिघडलें असें समजून बिचारे तें पुसून पुन्हा मांडतात! वास्तविक तें बिघडलेलें नसतें. व्यवस्थाच तशी आहे. उपाय एवढाच, कीं देवडीवर सूचना लिहून ठेवावी: घरधनी संगणकाच्या २२२२ क्रमांकाच्या दारावर येईल तें आंतल्या यंत्राच्या २२ क्रमांकाच्या दारीं पोंचवावें. ही सूचना लिहितांना घरधन्याच्या पत्त्याची जागा पुष्कळजण कोरी सोडतात. तसें केल्यास तें दार त्या वेळच्या साऱ्या जाळ्याला खुलें होतें, मग तें जाळें वसतिगृहाचें असो वा उपाहारगृहाचें. तेथें १२७.०.०.१ हा पत्ता घालावा; म्हणजे घरधन्यावांचून कोणी तें दार ठोठावूं शकत नाहीं.

दुसरी रीत 'ब्रिज्ड'. तींत भाडेकरूला रस्त्यावर उघडणारें स्वतंत्र दार मिळतें. घरांतील राउटर त्याला स्वतंत्र पत्ता देतो व घरांतील इतर यंत्रेंहि त्याच्याकडे येऊं शकतात. तिसरी 'होस्ट-ओन्ली'. हिच्यांत घरधनी बहुधा १९२.१६८.५६.१ वर असतो, आंतील यंत्र त्याच्याशींच बोलतें, बाहेरचें जग त्याला नाहीं. शिकणाऱ्यानें एकाच यंत्राला दोन कार्डें जोडावीं: पहिलें नॅटचें, बाहेर जाण्यासाठीं, दुसरें होस्ट-ओन्लीचें, भेटण्यासाठीं. दुसऱ्या कार्डाला १९२.१६८.५६.१० असा कायमचा पत्ता दिला कीं तो रोज शोधीत बसावें लागत नाहीं.

पत्ता झाला, आतां प्रवेश. १९६९ पासूनच्या 'टेलनेट'मध्यें परवलीचा शब्द उघडाच तारेवरून जाई. १९९५ मध्यें फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांतून असे शब्द चोरले गेले, तेव्हां तेथील तातू इलोनेन यांनीं 'एस्.एस्.एच्.' ही गुप्तलिपीची पद्धति रचली. तिचें दार २२ क्रमांकाचें. तिला शब्दाऐवजीं किल्ल्यांची जोडी चालते. खाजगी किल्ली आपल्या संगणकावरून कधींहि हलवूं नये. सार्वजनिक किल्ली आंतील यंत्रावर ठेवावी. किल्लीनें दार उघडतें अशी खात्री झाल्यावरच 'पासवर्ड ऑथेंटिकेशन' या नोंदीपुढें 'नो' लिहावें, आणि चालू असलेली खिडकी न मिटतां दुसऱ्या खिडकींतून प्रवेश करून पाहावा. घरच्या यंत्राचा निदान पडदा समोर असतो. भाड्यानें घेतलेल्या दूरच्या यंत्रावर चुकलें तर बाहेरच उभें राहण्याची पाळी येते.

परगांवाहून घरच्या यंत्राशीं जोडावयाचें असल्यास राउटरचें २२ क्रमांकाचें दार जगाला उघडणें हा सोपा, पण धोक्याचा मार्ग. उघडीं दारें शोधून परवलीचे शब्द अजमावीत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम रात्रंदिवस जागे असतात. शिवाय पुष्कळ ग्राहकांच्या राउटरलाच हल्लीं सार्वजनिक पत्ता मिळत नाहीं. कंपनी आपली आणखी एक देवडी मध्यें बसविते, आणि मग घरीं उघडलेलें दार रस्त्यापर्यंत पोंचतच नाहीं. अशा वेळीं सार्वजनिक पत्ता असलेलें एखादें लहानसें यंत्र भाड्यानें घ्यावें, व घरच्या संगणकानें 'वायरगार्ड'च्या बंद बोगद्यानें आपण होऊन त्याच्याशीं जोडून राहावें. प्रवासांतला संगणकहि त्याच बोगद्यांतून येतो, आणि २२ क्रमांकाचें दार बाहेरच्यांस दिसतहि नाहीं.