सहा कोटी पानं आणि ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी

ग्रंथालयशास्त्र शिकताय? मग बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी आजच उघडून बघा. २००६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनमधल्या काही निसर्गविज्ञान ग्रंथालयांनी मिळून आपली जुनी पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवण्याचा हा प्रकल्प सुरू केला. आज तिथे सहा कोटींहून जास्त पानं कुणालाही मोफत वाचता येतात. वनस्पतींची शास्त्रीय नावं १७५३ पासूनची आणि प्राण्यांची १७५८ पासूनची धरली जातात, त्यामुळे संशोधकाला आजही अडीचशे वर्षांपूर्वीचं पुस्तक लागतं.

पण नुसतं स्कॅन करून भागत नाही. खरं काम पुढे असतं आणि तिथेच विद्यार्थ्यांना शिकायला मिळतं. जुन्या छपाईतली अक्षरं संगणक चुकीची वाचतो. एक अक्षर चुकलं की प्रजातीचं नाव शोधात सापडतच नाही. जाडजूड खंडातला प्रत्येक लेख वेगळा नोंदवावा लागतो, चित्रांना प्रजातींची नावं जोडावी लागतात. हस्तलिखित क्षेत्रनोंदी तर अनेकदा माणसानेच वाचून उतरवाव्या लागतात. तालिकीकरण हा विषय वर्गात रुक्ष वाटतो, पण इथे त्याच्यावर कुणाचं तरी संशोधन उभं असतं!

२०१७ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पदवी नुकतीच घेतलेल्या पाच जणांना अमेरिकेतल्या पाच संस्थांत अशाच कामासाठी नेमलं होतं. हस्तलिखितं उतरवणं, चित्रं, वाचकांच्या गरजा असे त्यांचे विषय होते, आणि या ग्रंथालयाचं पुढचं रूप कसं असावं याच्या शिफारशी त्यांनी केल्या. नवख्यांवर एवढा विश्वास टाकला, हे मला फार आवडलं.

आणि हो, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) १८८६ पासूनच्या नियतकालिकाचे जुने खंडही तिथे आहेत.