पट्टा अंगावर आहे, हूक कुठे अडकवलाय?

दहा फुटांवरच्या स्लॅबच्या कडेवरून पाय सटकला, तर पाऊण सेकंद उलटतो न उलटतो तोच माणूस जमिनीवर आदळतो. वेग ताशी सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर. तेवढ्यात काही धरता येत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे परांचीवर चढणाऱ्या गवंड्याचा सरावही पाय सटकल्यावर कामी येत नाही.

आपल्याकडे साइटवरचे प्रशिक्षण म्हणजे बहुधा हेल्मेट आणि पट्टा वाटून घेतलेली सही. पट्टा काय करतो, हे मात्र कुणी समजावत नाही. पट्ट्याची दोरी सहा फुटांची धरा. झटका सोसणारी घडी उघडली की ती आणखी साडेतीन फुटांपर्यंत लांबते. पाठीवरच्या कडीपासून तळपायापर्यंत आणखी पाच फूट. बेरीज साडेचौदा फूट. आता हूक पायाशी, दहा फुटांवरच्या स्लॅबच्या सळईला अडकवला असेल, तर दोरी ताणून माणसाला थांबवण्याआधीच तो खाली आपटलेला असतो. पट्टा अंगावर असूनही! हूक डोक्याच्या वर अडकवला की पडण्याचे अंतरच कमी होते. ही बेरीज कामगाराला त्याच्या भाषेत, मग ती हिंदी असो, बंगाली असो की तेलुगू, सांगायला हवी आणि हूक त्याच्याच हाताने अडकवून घ्यायला हवा.

हूक कशाला अडकवायचा, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या नियमांप्रमाणे प्रत्येक माणसामागे त्या आधाराने साधारण सव्वादोन टनांचा ताण सोसला पाहिजे. काथ्याने बांधलेला बांबू तो सोसणार नाही. शिवाय पट्ट्यात लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साचते आणि काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. त्याला खाली कसे उतरवायचे, याचा सराव आधीच झालेला हवा. अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

पण पट्टा हा शेवटचा उपाय. त्याआधी कठडा, जाळी आणि भोकांवर पक्की झाकणे. लिफ्टच्या डक्टवर प्लायचा तुकडा नुसता टाकलेला असतो. सेंट्रिंगला प्लाय हवा म्हणून कुणीतरी तो दोन्ही हातांनी छातीशी उचलतो. समोरचे दिसत नाही आणि पुढचे पाऊल थेट भोकात पडते. ते झाकण खिळ्यांनी ठोकून त्यावर ठळक खूण करायला किती खर्च येतो? म्हणून मला वाटते, पहिला वर्ग मुकादमाचा आणि साइट इंजिनिअरचा घ्यावा. कठडा लावायचा की नाही, हे बिगारी ठरवत नाही.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याखालच्या केंद्रीय नियमांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट ५०० कामगारांपासून होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ती २५० वर आणली. चांगलेच झाले. तरी गल्लीतल्या चार मजली इमारतीवर, नाक्यावरून सकाळी आणलेले दहा-पंधरा मजूर राबतात. तिथे शिकवायला कोणी नसते आणि शिकण्यात अर्धा दिवस गेला तर मजुरी कापली जाते. तो अर्धा दिवस हजेरीत धरण्याची अट ठेकेदाराच्या करारातच घालावी. आणि कठडा नसलेल्या कडेवर चढायला नकार देणाऱ्यालाही त्या दिवसाची पूर्ण मजुरी मिळावी.